बीएसए मार्टिनी घ्यायची आहे? आधी नळीत डोकावून पाहा

माझ्या आजोबांकडे विलायती बीएसए सायकल होती. हँडलखालच्या बिल्ल्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या होत्या. सायकलीवर बंदुका कशाला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढे नोकरीसाठी इंग्लंडात आलो आणि बर्मिंगहॅमजवळच्या एका नेमबाजी क्लबात एका जुन्या रायफलीच्या पोलादावर त्याच तीन बंदुका कोरलेल्या दिसल्या. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली ही कंपनी. सायकली आणि मोटारसायकली नंतर आल्या.

त्या दिवसापासून या रायफलींनी मला धरलं ते अजून सोडलेलं नाही. इथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काही जण कॉलेजात एनसीसीत .२२ (नळीचा व्यास ०.२२ इंच) रायफल चालवलेले असतात आणि इथल्या क्लबात आल्यावर मला विचारतात, ‘जुनी मार्टिनी घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू?’ हा लेख त्यांच्यासाठी. कायद्याचं जे लिहिलं आहे ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे.

ही रायफल चालते कशी

मार्टिनी ही एकबारी रायफल. एकबारी म्हणजे एका वेळी एकच काडतूस. मॅगझिन नाही, दुसरी गोळी आपोआप येत नाही. प्रत्येक गोळी हाताने भरायची, झाडायची, रिकामी पुंगळी काढायची आणि पुन्हा भरायची. नेमबाजीच्या स्पर्धेला तेवढंच लागतं.

ब्रिटिश एकबारी रायफलींमध्ये सर्वांत जास्त भेटते ती मार्टिनी यंत्रणा. तिचं मूळ अमेरिकेतल्या हेन्री पीबडीच्या रचनेत आहे. स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिश फॉन मार्टिनीने ती सुधारली, आणि एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीच्या नळीशी तिची जोडी जमवून ब्रिटिश लष्कराने १८७१ साली मार्टिनी-हेन्री स्वीकारली. चापाच्या मागची लिव्हर खाली ओढली की आतला पोलादी ठोकळा, म्हणजे ब्रीच ब्लॉक, मागच्या पिनीवर फिरून पुढच्या बाजूने खाली झुकतो. त्याच हालचालीत पुंगळी मागे सरकते आणि काडतुसावर आपटणारी आतली पिन ताणली जाते. ठोकळ्याच्या पाठीवरच्या पन्हळीतून नवं काडतूस सरकवायचं, लिव्हर वर घ्यायची, रायफल तयार. चाप ओढल्यापासून पिन आपटेपर्यंतचा वेळ फार थोडा, म्हणून तेवढ्यात हात हलायला सवड मिळत नाही. अचूक नेमासाठी ही यंत्रणा इतकी वर्षं टिकली ती या गुणामुळे.

लष्कराची मार्टिनी मोठ्या काडतुसाची. नेमबाजीची छोटी .२२ मार्टिनी ही बोअर युद्धानंतरची. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीने ब्रिटिश फौजेला बेजार केलं. मग आपल्या कानपुरात जन्मलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी सामान्य नागरिकांना रायफल शिकवणाऱ्या क्लबांचा मोठा पुरस्कार केला. स्वस्त काडतूस, आवाज कमी, चर्चच्या सभागृहात किंवा कारखान्याच्या आवारातही पंचवीस यार्डांची रेंज बसते, म्हणून .२२ गावोगाव पोचली. या क्लबांची शिखर संस्था १९४७ पासून नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन या नावाने ओळखली जाते. बिस्लीच्या प्रसिद्ध नेमबाजी केंद्रात तिच्या मुख्य इमारतीला लॉर्ड रॉबर्ट्स यांचंच नाव आहे. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांतली नेमबाजी बिस्लीलाच झाली आणि आपल्या अंजली भागवत यांनी तिथे चार सुवर्णपदकं मिळवली. बिस्लीला गेलात तर हे आठवून जा.

आधी क्लब, मग परवाना, मग रायफल

हा क्रम बदलू नका. जाहिरातीत सुंदर रायफल दिसली म्हणून धावत सुटलात तरी परवान्याशिवाय ती तुमच्या हाती येणार नाही.

गृहखात्याची मान्यता असलेल्या क्लबात नाव घाला. किमान तीन महिने उमेदवारी असते. त्या काळात क्लबच्याच रायफली चालवायला मिळतात, त्यासाठी स्वतःचा परवाना लागत नाही. या तीन महिन्यांत चार-पाच प्रकारच्या रायफली खांद्याला लावून पाहा. कुठली लांबी, किती वजन आपल्याला मानवतं हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

मग पोलिसांकडे फायरआर्म सर्टिफिकेटसाठी अर्ज. १९६८ च्या कायद्याखाली रायफल ठेवायला ‘सबळ कारण’ लागतं. क्लबचं सदस्यत्व आणि नियमित नेमबाजी हे ते कारण. ओळख देणाऱ्या दोन व्यक्ती, डॉक्टरांकडची वैद्यकीय माहिती, घरी कुलपाची व्यवस्था, आणि पोलीस अधिकाऱ्याची घरभेट हे सगळं आलंच. परवाना पाच वर्षांचा असतो आणि त्यावर कोणत्या बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची) किती हत्यारं घेता येतील आणि किती काडतुसं बाळगता येतील हे लिहिलेलं असतं. रायफल समोरासमोरच हाती घ्यावी लागते. दूरच्या विक्रेत्याकडून घेतली तर ती त्याच्याकडून तुमच्या गावच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे येते आणि तिथून तुम्ही उचलता. व्यवहाराची खबर सात दिवसांच्या आत पोलिसांना द्यायची.

इथे एक गैरसमज मी वारंवार ऐकतो: ‘शंभर वर्षांची आहे म्हणजे अँटिक, परवाना कशाला?’ अँटिकची सूट नुसत्या वयावर मिळत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे हत्यार १ सप्टेंबर १९३९ पूर्वी बनलेलं हवं, त्याचं काडतूस कालबाह्य ठरवलेल्या यादीत हवं, आणि ते केवळ शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेलं हवं. मार्टिनी-हेन्रीचं मूळ काडतूस त्या यादीत आहे. .२२ नाही. त्यामुळे १९१२ ची .२२ मार्टिनी ही कायद्याच्या दृष्टीने आजच्या नव्या रायफलीसारखीच. आणि यादीतली जुनी रायफलसुद्धा चालवायची म्हटली की तिला परवाना लागतोच.

भारतात नेण्याचा विचार असेल तर तो विषय पूर्ण वेगळा आहे. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो, आयातीची परवानगी वेगळी, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात. सुट्टीत सामानातून नेऊ, हा विचार डोक्यातही आणू नका.

पहिली कोणती घ्यावी

बीएसए. यावर मी फारसा वाद घालत नाही. ग्रीनरच्या छोट्या मार्टिनी सुरेख असतात, क्रेफर्डला बनलेल्या व्हिकर्सच्या रायफलींवर माझा स्वतःचा जीव आहे. पण सुटे भाग, माहिती आणि दुरुस्ती जाणणारी माणसं बीएसएचीच जास्त. श्रीमंत संग्राहक व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या फार्कहरसन यंत्रणेच्या लांब पल्ल्याच्या रायफलींमागे असतात. त्या संग्रहालयात जाऊन बघा, लीड्सचं रॉयल आर्मरीज त्यासाठी चांगलं आहे.

बीएसएमध्ये मॉडेल १२ हे पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनचं. हलकं, सडपातळ, खांद्याला लावताच आवडतं. दोन महायुद्धांच्या मधलं मॉडेल १५ जास्त वजनदार, नेमबाजांनी नेमबाजांसाठी बनवल्यासारखं. या दोन्हींच्या मधलं १२/१५ दुसऱ्या महायुद्धाच्या अलीकडे-पलीकडे बनलं. नवख्याला मी बहुतेक वेळा हेच सुचवतो, कारण त्या वेळेपर्यंत काडतुसं बदलली होती आणि नळी शाबूत मिळण्याची शक्यता वाढते. ते कसं, ते पुढे सांगतो. १९५० पासून इंटरनॅशनल मालिका आली. पहिली आवृत्ती तब्बल १४ पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेसहा किलोच्या घरात. मार्क ३ मध्ये पुढचं लाकूड नळीला न लावता यंत्रणेच्या पेटीपासून पुढे आलेल्या आधारावर बसवलं आहे, त्यामुळे नळी मोकळी राहते. पुढे जर्मन आन्शुट्झ कंपनीच्या रायफलींनी स्पर्धा काबीज केल्या आणि इंटरनॅशनल मागे पडल्या. आज म्हणूनच त्या परवडतात.

घेण्यापूर्वीची तपासणी

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे ना ते पाहा. लिव्हर खाली, डोळ्याने तपासा, करंगळीच्या टोकाने चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, चाचपा. विकणाऱ्याने आत्ताच दाखवलं असलं तरी तुम्ही पुन्हा बघा.

मग नळी. संग्रहातलं निम्मं शहाणपण नळीत आहे असं मी मानतो. लाकूड घासून चमकवता येतं, पोलादावर नवा काळा-निळा थर चढवता येतो, नळीच्या आतला खड्डा मात्र कुणाला भरता येत नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत .२२ काडतुसांच्या ठिणगीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत एक क्षार उरतो, मिठासारखाच ओल धरणारा. संध्याकाळी नेमबाजी करून रायफल तशीच कोपऱ्यात ठेवली की सकाळपर्यंत तांब धरायला सुरुवात. तेलाने हा क्षार जात नाही, तो पाण्यात विरघळतो. ज्या क्लबात गरम पाण्याने नळी धुवायची शिस्त होती तिथल्या रायफली आजही आरशासारख्या आहेत, बाकीच्यांच्या नळ्या देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारख्या. मॉडेल १२ घेताना म्हणून दुप्पट डोळे उघडे ठेवायचे.

तपासायचं असं: आधी कोरडं कापड फिरवा, कारण तेलाच्या थराखाली खड्डे लपतात. मग ब्रीचकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, पांढरा कागद किंवा छोटा दिवा धरून तोंडाकडून पाहा. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चक्राकार खाचा, धारदार दिसले पाहिजेत, सावली सलग गोल फिरत गेली पाहिजे. गडद वलय दिसलं तर तिथे फुगवटा आहे, अशी रायफल सोडून द्या. घट्ट बसणारं कापड सळईवर लावून हळू ढकला. हाताला मध्येच सैल लागलं तर नळी झिजलेली. चेंबरच्या आणि तोंडाच्या जवळची सहा-सहा इंचं सर्वांत महत्त्वाची. मधल्या भागातले थोडे काळपट डाग नेमाला फारसे नडत नाहीत, हे मी माझ्याच एका रायफलीवर वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तोंडाच्या कडेवर भिंग धरा. तिथे ओरखडा किंवा एका बाजूला झीज असेल तर गोळी बाहेर पडताना तिरपी होते.

काही नळ्यांवर ‘पार्करायफल्ड’ असा शिक्का दिसेल. खराब नळी मोठी कोरून आत नवी आटेदार नळी बसवायची ही बर्मिंगहॅमच्या पार्कर कंपनीची पद्धत. कट्टर संग्राहक नाक मुरडतात. ज्याला रायफल चालवायची आहे त्याने आनंदाने घ्यावी.

प्रूफचे शिक्के शोधा. इथे प्रत्येक नळी जास्त दाबाच्या काडतुसाने तपासून तिच्यावर मुकुटाखाली अक्षरं उमटवलेली असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून हे काम करतं. १९५४ पूर्वीच्या बर्मिंगहॅमच्या नळीवर मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी असे शिक्के, नंतरच्यांवर बीएनपी. शिक्के घासून गेलेले, किंवा नळी नंतर कापल्यासारखी वाटते, तर दूर राहा. प्रूफबाह्य हत्यार विकणं हा इथे गुन्हा आहे.

यंत्रणा तपासताना लिव्हर सावकाश चालवा. चाचणीसाठी एक झाडलेली रिकामी पुंगळी खिशात ठेवा, ती भरून काढून पाहा. पुंगळी चटकन मागे आली पाहिजे. रिकाम्या चेंबरवर चाप कधीच ओढू नका. .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, काडतूस नसेल तर ती सरळ चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खाच पडते. अशी खाच आधीच पडलेली आहे का, तेही पाहा. आणखी एक: रायफल ताणून, लिव्हर बंद करून, दस्त्याची टाच रबरी चटईवर हलकी आपटा. पिन सुटली तर चाप कुणीतरी घासून हलका केलेला आहे. हा दोष दिसायला छोटा, पण धोक्याचा.

साईटकडे, म्हणजे नेम धरायच्या साधनाकडे, नवखे दुर्लक्ष करतात. मागची भोकाची साईट आणि पुढची नळकांड्यातली माशी, दोन्ही मूळच्या आणि पूर्ण हव्यात. पार्कर-हेल कंपनीची चांगली मागची साईट वेगळी घ्यायला गेलात तर कधी कधी तिलाच रायफलीइतके पैसे मोजावे लागतात. चक्री फिरवा, प्रत्येक टिक् स्पष्ट लागली पाहिजे. एका दिशेला फिरवून परत आणताना दोन-तीन टिक् पोकळ गेल्या तर स्क्रू झिजला आहे.

दस्ता बहुधा अक्रोडाचा. जिथे तो पोलादाच्या पेटीला मिळतो तिथे, लाकडाच्या रेषेत जाणाऱ्या बारीक भेगा शोधा. आणि चकाकीला भुलू नका. माझी दुसरीच खरेदी अशी चकचकीत होती, काळा थर नवा, लाकूड पॉलिश केलेलं, कोरलेली अक्षरं मात्र कडा बुजून पुसट झालेली. घासताना त्यांनी रायफलीचा इतिहासच घासून काढला होता. हाताळून विटलेली पण न छेडलेली रायफल मला तिच्यापेक्षा दहापट मोलाची वाटते.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात काहीही करू नका. फोटो काढा, क्रमांक, शिक्के, कोरलेली अक्षरं वहीत उतरवा. बऱ्याच रायफलींवर एखाद्या क्लबाची किंवा कारखान्याच्या संघाची छोटी पाटी असते, ती हलवू नका.

मग खोलायची. बीएसएच्या छोट्या मार्टिनीची गंमत ही की बहुतेकींत पेटीच्या पुढची एक पिन काढली की सगळी यंत्रणा एकत्र खाली उतरते. पहिल्या वेळी क्लबातल्या जाणत्या माणसासमोरच करा. पिन लोखंडी खिळ्याने ठोकू नका, पितळेची दांडी वापरा. स्क्रू ड्रायव्हर खाचेत अगदी घट्ट बसणारा हवा. जुन्या रायफलीची खाच एकदा फाटली की कायमची फाटली, आणि पुढचा प्रत्येक जाणकार सगळ्यात आधी तेच पाहतो. उतरवलेल्या यंत्रणेतला शंभर वर्षांचा घट्ट झालेला चिकटा केरोसीनसारख्या साध्या द्रावणाने, ब्रशने काढा, पुसा, आणि तेलाचा अगदी पातळ थर द्या. जास्त तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात जातं आणि लाकूड मऊ, काळं पडतं. पुष्कळ जुन्या दस्त्यांचा मागचा सांधा असाच कुजलेला असतो.

दस्ता हलत असेल तर टाचेची पट्टी काढून आतल्या लांब भोकात पाहा. तिथे दस्ता पेटीला धरून ठेवणारा मोठा बोल्ट असतो. तो लांब पान्याने आवळला की बहुतेक वेळा काम होतं. सैल दस्त्यावर नेम कधीच टिकत नाही, आणि दोष बिचाऱ्या नळीला मिळतो.

लाकडाला सँडपेपर लावू नका. खड्डा असेल तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवा, वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. नंतर जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहाताने चोळा, एक दिवस वाळू द्या, पुन्हा चोळा. पण हे वाचून थांबा: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कचऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर सपाट पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून टाका.

पोलादावर बारीक तांब आली असेल तर तेल लावून दोन दिवस ठेवा, मग सगळ्यात बारीक, चार शून्यांच्या पोलादी लोकरीने अगदी हलक्या हाताने पुसा. मूळचा थर जाऊ लागला की थांबा. वरून ब्रिटिश म्युझियमने संग्रहालयासाठी विकसित केलेलं रेनेसान्स मेण लावलं तर बोटांच्या घामाचे डाग पडत नाहीत.

रेंजवर आणि परतल्यावर

काडतूस साधं, आवाजाच्या वेगापेक्षा कमी गतीचं शिशाचं वापरा. जास्त वेगाची काडतुसं या रायफलींसाठी नाहीत, आणि लक्ष्यावरही ती वाईटच बसतात. दोन-तीन जातींची थोडी थोडी आणून पाहा. प्रत्येक जुन्या नळीला एखादंच काडतूस मानवतं. गोळ्या झाडण्याआधी नळीतलं तेल कोरड्या कापडाने काढा, नाहीतर पहिल्या काही गोळ्या भरकटतात. इंग्लंडात पंचवीस यार्डांच्या कार्डावर दहा वर्तुळं असतात, प्रत्येकावर एक गोळी. पहिल्या दिवशी मात्र एकाच वर्तुळावर पाच-पाच गोळ्या झाडा म्हणजे रायफल कुठे गट करते ते कळेल. साईट त्यानंतर हलवा.

मार्टिनीत नळीच्या मागे पोलाद असल्याने सळई बहुधा तोंडाकडूनच घालावी लागते आणि तोंडाची कडा तिथेच झिजते. म्हणून मी दोरीने ओढायचा फडका वापरतो, ब्रीचकडून तोंडाकडे. सळई वापरलीच तर तोंडावर बसणारं मार्गदर्शक टोपण हवंच. शिशाच्या साध्या गोळीने नळी फार घाण होत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी ब्रश आणि तीव्र रसायनं नकोत. दोन कोरडी, एक तेलाची पट्टी, बस. चेंबरच्या पुढे शिशाचं कडं साठलं तरच कांस्याचा ब्रश काढा. हात साबणाने धुतल्याशिवाय चहा-बिस्किटाला हात लावू नका, शिसं पोटात जाणं वाईट.

थंडीत रायफल गार गाडीतून उबदार घरात आणली की पोलादावर दव जमतं. अर्धा तास उघडी ठेवा, पुसा, मग कपाटात. कपाट ७५५८ क्रमांकाच्या ब्रिटिश मानकाचं घ्या आणि भिंतीला पक्कं जखडा. आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या दर महिन्याला वाळवा. कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या पिशवीत रायफल रात्रभरसुद्धा ठेवू नका, पिशवी ओल धरते. आणि वर्षातून दोनदा, वापर नसला तरी, प्रत्येक नळीतून एक पांढरी पट्टी ओढून पाहा. पट्टीवर तांबूस छटा आली तर त्याच दिवशी कामाला लागा, आणि वहीत तारीख लिहा.